घरी ट्यूब फ्लाय बांधायची तर स्वस्त सामान कोणतं? सोलापुरात मिळणाऱ्या पर्यायांची तुलना

फ्लाय म्हणजे मासे धरायला गळासोबत वापरायचं केस-पिसांचं नकली आमिष, आणि ट्यूब फ्लाय म्हणजे त्यातलं नळीवर बांधलेलं. ती बांधायला बसणारा माणूस सहसा आधी नळी शोधत फिरतो. स्वस्तात काम करायचं असेल तर क्रम उलटा धरावा: आधी गळ, मग गळ धरणारा रबरी जोड, मग त्या जोडात बसेल अशी नळी. केस आणि चमक (चकाकणारे धागे) सगळ्यात शेवटी. नळी आधी घेतली की तिला जोड सापडत नाही, जोड सापडला तर त्यात गळाचं नेढं बसत नाही, आणि स्वस्त म्हणून आणलेलं सामान डब्यात पडून राहतं.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात. साध्या फ्लायमध्ये केस-पिसं थेट गळावर बांधतात. ट्यूब फ्लायमध्ये ती पोकळ नळीवर बांधतात, लीडरचा (दोरीच्या टोकाच्या बारीक भागाचा) तंगूस नळीतून ओवून त्याच्या टोकाला गळ बांधतात आणि गळाचं नेढं नळीच्या मागच्या जोडात दाबून बसवतात. मासा लागला की गळ जोडातून सुटतो आणि फ्लाय तंगुसावर वर सरकते, त्यामुळे ती कमी चावली जाते. गळ बोथट झाला तर फक्त गळ बदलायचा. मरळीसारखा दातांचा मासा असेल तर हा फायदा मोठा आहे.

या प्रकाराचं श्रेय १९४५च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या प्लेफेअर कंपनीत फ्लाय बांधणाऱ्या विनी मोरावस्की यांना दिलं जातं. त्यांनी आधी टर्कीच्या पिसाचा पोकळ देठ वापरला, नंतर दवाखान्यातली नळी. म्हणजे मेडिकल दुकानातून नळी आणणं हा कंजूषपणा नाही, मूळ रिवाजच आहे.

गळ आणि जोड

गळावर पैसे वाचवू नका. आखूड दांडीचा, सरळ नेढ्याचा गळ घ्या. नेढं खाली वाकलेलं असेल तर गळ जोडात तिरका बसतो, फ्लाय एका अंगावर कलते आणि ओढताना गरगर फिरून तंगुसाला पीळ पाडते. उजनीच्या पाणवठ्यावर मरळीसाठी २ ते १/० नंबर पुरतात. गळ हातात आला की नेढ्याची बाहेरची रुंदी मोजा. व्हर्नियर नसेल तर मिलिमीटरच्या पट्टीवर भिंग धरून चालेल. पुढची सगळी खरेदी या एका मापावर होते.

जोडासाठी चार पर्याय आहेत आणि त्यांत खूप फरक आहे.

सगळ्यात स्वस्त म्हणजे सायकल दुकानातली व्हॉल्व्ह ट्यूब, जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी. आतला व्यास साधारण २ मिमी, पण ताणली की ३ मिमीच्या नळीवर घट्ट बसते. १२ मिमीचा तुकडा कापा, ५ ते ६ मिमी नळीवर चढवा, उरलेल्या भागात गळाचं नेढं. कोरडी चढवायला गेलात तर कड आत दुमडते. साबणाचं पाणी लावलं की सरकते. खोट एकच: हे नैसर्गिक रबर आहे, उन्हात आणि ताणाखाली त्याला चिरा पडतात. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये फ्लायवर चढवून ठेवलेला जोड लवकर जातो. म्हणून जोड वेगळ्या डबीत ठेवा आणि पाण्यावर गेल्यावर चढवा.

सलाइनच्या सेटची नळी पारदर्शक आणि सुबक दिसते, म्हणून लोक तिच्याकडे वळतात. तिचा आतला व्यास साधारण ३ मिमी, आणि ती व्हॉल्व्ह ट्यूबसारखी ताणत नाही. ३ मिमीपेक्षा किंचित मोठं नेढं असेल तर छान बसतं, लहान असेल तर फेकतानाच गळ लोंबू लागतो. मिनिटभर गरम पाण्यात धरली की मऊ होते, तेव्हाच चढवावी. मेडिकलमधून नवा, सीलबंद सेट घ्या. दवाखान्यात वापरून टाकलेली नळी हा जैववैद्यकीय कचरा आहे, फुकट मिळाली तरी हात लावू नका.

हीट श्रिंक स्लीव्ह इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. ३ मिमीची स्लीव्ह गरम केल्यावर निम्म्यावर, म्हणजे दीड मिमीपर्यंत आकसते. एकदा आकसली की मात्र ज्या गळावर बेतली त्याच गळाची. गळ बदलता येणं हाच ट्यूब फ्लायचा गुण, तोच इथे मारला जातो. जोड म्हणून आम्ही ती बाद धरतो.

चौथा पर्याय विकतची सिलिकॉन नळी, आतला व्यास २ मिमी. ऊन, थंडी, पाणी, कशानेही बिघडत नाही आणि ताणून परत जागेवर येते. ही सोलापुरात सहज मिळत नाही, मागवावी लागते. पण १ मीटरमध्ये १२ मिमीचे ८० हून अधिक जोड निघतात, हे लक्षात घेतलं की महाग वाटत नाही. दोघांनी मिळून मागवली तर अजून बरं. मत्स्यालयाच्या हवेच्या पंपाची सिलिकॉन नळी मात्र नको, तिचा आतला व्यास ४ मिमी असतो, गळ त्यात खुळखुळतो.

जोड कोणताही असो, एक चाचणी घ्या. नळी धरून फ्लाय जोरात झटका: गळ हलता कामा नये. मग गळ चिमटीत धरून सरळ ओढा: मध्यम जोराने सुटला पाहिजे. झटक्यात सुटला तर जोड सैल, ओढूनही निघाला नाही तर फार घट्ट.

नळी

जगभरच्या सल्ल्यात कान साफ करायच्या बडची प्लास्टिक काडी पहिली येते. आपल्याकडे १ जुलै २०२२पासून प्लास्टिक काडीच्या बडवर बंदी आहे आणि आता मिळणारी काडी कागदाची असते. पाण्यात ती फुगते. तो पर्याय सोडून द्या. उरलेले असे:

| नळी | बाहेरचा व्यास | ३० मिमी तुकड्याचं वजन | मिळते कुठे |
|---|---|---|---|
| बॉलपेनची रिफिल | साधारण ३ मिमी | ०.१ ग्रॅम | घरात, स्टेशनरीत |
| बाळाची फीडिंग ट्यूब, ८ नंबर | २.६७ मिमी | ०.१ ग्रॅम | मेडिकल |
| दीड चौरस मिमी वायरचं आवरण | साधारण ३ मिमी | ०.२ ग्रॅम | इलेक्ट्रिशियनकडचे तुकडे |
| रेडिओच्या अँटेनाचा बारीक टप्पा | साधारण ३ मिमी | अर्धा ग्रॅम | भंगार, रेडिओ दुरुस्ती |
| फ्रिजची तांब्याची कॅपिलरी | साधारण २ मिमी | ०.७ ग्रॅम | फ्रिज दुरुस्ती |

शिकताना रिफिलच घ्या. एका रिफिलमधून ३० मिमीचे ४ तुकडे निघतात, फसलं तरी नुकसान नाही. टोक कापा, उरलेली शाई फुंकून काढा, मग स्पिरिट किंवा नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये भिजवून आतून दोरा फिरवा. शाई राहिली तर पाण्यात नाही, पण बांधताना बोटांना आणि पांढऱ्या केसांना लागते. जेल पेनची रिफिल जाड असते, ती नको.

रिफिलचं दुखणं वेगळं आहे. ती पॉलिप्रॉपिलीनची असते आणि या प्लास्टिकला फेविक्विक नीट धरत नाही. वरून दिसतं सगळं ठीक, पण दहा-वीस फेकीनंतर अख्खी बांधणी नळीवरून मोज्यासारखी निघून येते. उपाय दोन, आणि दोन्ही करायचे. बांधायच्या भागावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर आडवा घासून चमक घालवा. आणि पुढच्या टोकाला कॉलर करा: नळीत सुई ठेवून टोक लायटरच्या ज्योतीशेजारी, ज्योतीत नाही, २-३ सेकंद धरा आणि गुळगुळीत लोखंडावर दाबा. कड बाहेर पसरते आणि दोरा पुढे सरकत नाही. सुई न ठेवता दाबलं तर भोक बुजतं.

फीडिंग ट्यूबचा फायदा तिच्या मापात आहे. तिच्यावरचा नंबर फ्रेंच मापाचा असतो आणि नंबराला ३ ने भागलं की मिमीत व्यास मिळतो: ५ नंबर १.६७, ६ नंबर २, ८ नंबर २.६७. असं नेमकं माप या किमतीत दुसरीकडे मिळत नाही. ८ नंबर मुख्य नळी म्हणून चालते. ५ किंवा ६ नंबर धातूच्या नळीत अस्तर म्हणून घालतात. मऊ असल्याने दोरा घट्ट आवळला की ती आत चेपते, त्यामुळे बांधणी संपेपर्यंत आतली सुई काढायची नाही.

वायरचं आवरण आम्हाला फारसं पटत नाही. तांबं ओढून काढायला ४ सेंटिमीटरपेक्षा लांब तुकडा घेतला तर आवरण ताणून वेडंवाकडं होतं, आणि आतल्या तारांच्या खुणा राहतात. पण रंग तयार मिळतो: लाल, पिवळं, हिरवं. अंगावर काहीही न गुंडाळता नुसते केस बांधायचे असतील तर हा रंग कामी येतो.

धातूची नळी खोल पाण्यासाठी. अँटेनाचा सगळ्यात आतला टप्पा बऱ्याचदा भरीव असतो, त्याच्या बाहेरचा घ्या. करवतीने कापू नका, कड चेपते. बारीक तिकोनी कानसीने नळी फिरवत सगळीकडून खाच पाडा आणि मोडा. मग दाभणाचं टोक आत फिरवून बुर (कापल्यावर राहिलेली खरखरीत कड) काढा. इतकं करूनही उघड्या धातूवर तंगूस घासतो आणि मासा लागल्यावर तुटतो, म्हणून आत फीडिंग ट्यूबचं अस्तर घालायचंच, दोन्ही टोकांना १ मिमी बाहेर. कॅपिलरीचं भोक इतकं बारीक असतं की अस्तर बसत नाही. म्हणून वजनदार असूनही ती शेवटी ठेवली आहे.

नळी धरायची सुई

खास व्हाइस (फ्लाय बांधताना धरून ठेवणारा शिकंजा) घ्यायची गरज नाही. साधा हँड व्हाइस टेबलाला बांधा आणि त्यात सुई धरा. रिफिलसाठी सायकलचा स्पोक (साधारण २ मिमी) कानसीने निमुळता करून, फीडिंग ट्यूबसाठी गोधडी शिवायची लांब सुई. नळी गोल फिरू लागली तर सुईवर दोऱ्याचे चार वेढे द्या, पकड येते.

दोरा आणि चमक: इथे सोलापूर जिंकतं

फ्लायचा म्हणून विकला जाणारा दोरा साधारण १४० डेनियरचा, पीळ नसलेला तंतू असतो. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. यंत्रमागावर चालणारं १५० डेनियरचं पॉलिएस्टर फिलामेंट त्याच्या अगदी जवळ जातं, वेढे चपटे बसतात आणि अर्ध्या किलोच्या वर ताण सोसतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा पूर्व भागात ओळखीचा कारखानदार असेल तर कोनच्या तळाशी उरलेलं सूत एका माणसाला अनेक वर्षं पुरेल. मोठा कोन फ्लाय बांधायच्या बॉबिन-होल्डरवर बसत नाही, म्हणून सूत शिलाई मशीनच्या बॉबिनवर भरून घ्या.

टेलरचा शिलाईचा पॉलिएस्टर धागा साधारण टेक्स २७, म्हणजे २४३ डेनियर. चालतो, पण डोकं जाड होतं आणि पीळ असल्याने वेढे उंच उभे राहतात. बॉबिन-होल्डर लोंबता सोडून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की पीळ थोडा उलगडतो. भरतकामाचा रेयॉन दिसायला सुंदर, पण ओला झाला की त्याची ताकद निम्म्यावर येते, तो बांधणीला नको. तसाच चकाकणारा पॉलिएस्टर भरतकामाचा धागा मिळतो, तो मागा. जळती काडी लावून पाहा: रेयॉन कागदासारखा जळून राख होते, पॉलिएस्टरची वितळून गोळी होते.

आणि चादरीच्या मागावरचं सुती वेस्ट? फुकट मिळतं, ढीगभर मिळतं, आणि नेमकं तेच टाळावं. कापूस पाणी पितो, फ्लाय जड होते, सावलीत ओली राहिली तर कुजते.

चमकेसाठी परदेशी पाकीट घेणं सोलापुरात तरी व्यर्थ आहे. आरी वर्कचं सामान विकणाऱ्या दुकानात प्लास्टिकची जर आणि झरदोसीची स्प्रिंग वजनावर मिळते. जर म्हणजे चकाकणाऱ्या पॉलिएस्टर फिल्मची बारीक पट्टी. एका फ्लायला ६ ते ८ धागे पुरे. झरदोसीची स्प्रिंग अंगावर गुंडाळायला, तीन-चार वेढे, फार ताणू नका, नाहीतर गुंडाळी उघडते. तांब्याच्या गाभ्याची नकली जर काळी पडते. ओळखायला ती वाकवा: तार वाकलेली राहते, फिल्म परत सरळ होते. वेफर्सच्या पाकिटाची आतली चंदेरी बाजू कात्रीने १ मिमी पट्ट्यांत कापली तरी काम भागतं, पण इतकी सरळ पट्टी हाताने कापण्यात जो वेळ जातो त्यात दुकानात जाऊन येता येतं.

केस

इथे एकच उत्तर नाही. लांबी, पाण्यात हलणं आणि वजन या तिन्हींत तडजोड करावी लागते.

कटलरीच्या दुकानातलं गंगावन, म्हणजे कृत्रिम केसांचं, लांबीला अजोड. १० ते १५ सेंटिमीटरची मोठी फ्लाय बांधायची तर दुसरं काही पुरत नाही. पण तंतू सगळे एका जाडीचे, टोकं बोथट, त्यामुळे झाडूसारखं दिसतं. गठ्ठा बोटांत धरून टोकं दोन-तीनदा ओढून मागेपुढे करा, मग बांधल्यावर कात्री उभी धरून टोकं विरळ करा. जास्त भरलं की गळाभोवती गुंतून बसतं. आगकाडीच्या जाडीचे दोन झुपके पुरे, एक वर, एक खाली.

खेळण्यांच्या फरचं कापड मध्यम फ्लायला सगळ्यात सोयीचं. मऊ आहे, खाली आखूड लव असते ती विंचरून काढायची. केस कापडाच्या मुळाशी कापा, वरून नको. पाव मीटरमध्ये शंभराच्या घरात फ्लाय निघतात. कुठलीही घेतली तरी एक नियम: पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतं (घनता ०.९), नायलॉन हळू बुडतं (१.१४), पॉलिएस्टर त्याहून लवकर (१.३८). उकललेल्या प्लास्टिक दोरीचे तंतू म्हणूनच वरच्या पाण्यातल्या फ्लायला बरे आणि खोल पाण्याला निरुपयोगी. चिमूटभर तुकडा वाटीतल्या पाण्यात ओला करून दाबून सोडा, लगेच कळतं.

खऱ्या केसांत आपल्याकडे बोकडाचे केस मुबलक. उस्मानाबादी जातीत बहुतेक जनावरं काळी, अंगावरचे केस आखूड. दाढीचे आणि शेपटीचे मागून घ्या. काळ्यावर रंग चढत नाही, तो तसाच वापरा, गढूळ पाण्यात काळी आकृती चांगलीच दिसते. चामड्यासकट आणू नका, फक्त केस मुळाशी कापून झुपके बांधून आणा. भांड्यांच्या साबणात दोनदा धुवा. पांढरे केस रंगवायचे तर १० ग्रॅमला अर्धा लिटर पाणी, ३० मिली व्हिनेगर आणि पाव चमचा खाण्याचा रंग. पाणी वाफाळतं ठेवा, उकळू देऊ नका, अर्धा तास. कापसाच्या रंगाऱ्याकडचा रंग केसावर नीट बसत नाही, कारण केस लोकरीसारखा प्रथिनांचा, आणि त्याला आम्लातला रंग लागतो. हळदीचा पिवळा छान चढतो, उन्हात तितकाच लवकर उडतो.

घोंगडीची दख्खनी लोकर फ्लायच्या अंगासाठी चांगली, पंखांसाठी नाही, पाणी धरून बसते. लोकर आणि केस दोन्हींना कसर लागते, बंद डब्यात डांबराच्या गोळ्या घाला.

पिसांसाठी गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं, कोंबडीवाल्याकडे सांगून ठेवली तर मिळतात. ब्रॉयलरची पांढरी पिसं आखूड आणि ठिसूळ. मोरपीस मोराने आपोआप टाकलेलं असेल तर देशात बाळगायला सूट आहे, परदेशात पाठवायला नाही. इतर रानपक्ष्यांची पिसं उचलू नका, नान्नजच्या माळरानावर सापडली तरी. मुंगसाच्या केसांचा ब्रशही नको, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो गुन्हा आहे.

डोकं आणि गोंद

वजनासाठी पितळी मणी टेलरिंग मटेरियलमध्ये मिळतात, भोक नळीवर बसण्याइतकं मोठं नसेल तर ड्रिलने वाढवा. जुन्या पेनचं धातूचं शंकूसारखं तोंडही बसतं. गोंद म्हणून फेविक्विक, वरून रंगहीन नेलपॉलिशचे दोन हात. फेविक्विक हवेतल्या ओलाव्याने सुकतं, म्हणून सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ते उशिरा घट्ट होतं. त्यावर फुंकर नव्हे, तोंडाची वाफ सोडा. पावसाळ्यात उलट, पटकन सुकतं आणि पांढरी बुरशीसारखी राख दिसते, थेंब लहान ठेवा. पांढरा फेविकॉल पाण्यात सुटतो.

कोणी काय घ्यावं

पाच-सहाच फ्लाय बांधून हा नाद आपला आहे का एवढंच बघायचं असेल तर रिफिल, व्हॉल्व्ह ट्यूब, खेळण्याच्या फरचा तुकडा आणि घरचा शिलाईचा पॉलिएस्टर धागा. यात खरा खर्च फक्त गळाचा.

हंगामभर वापरायच्या असतील तर ८ नंबरची फीडिंग ट्यूब, सिलिकॉनचा जोड, मागावरचं फिलामेंट, जर आणि गंगावन. साधारण अर्धा मीटर लांबीच्या एका ट्यूबमधून ३० मिमीचे १५ तुकडे निघतात, त्यामुळे नळीचा भाव प्रत्येक फ्लायमागे नगण्य होतो आणि जोडावर थोडे जास्त घालायला हरकत राहत नाही.

उजनीच्या खोल पाण्यात तळाशी न्यायची असेल तरच धातूच्या नळीच्या भानगडीत पडा. वर्षात दोन-चारच लागणार असतील तर त्या तयार विकत घ्या: कापणं, बुर काढणं, अस्तर घालणं यात अर्धा दिवस जातो आणि एखादी कड राहून गेली तर तंगूस, गळ आणि मासा तिन्ही जातात.